दोन ठिपके

जर्मन मला नखानं येतं.
वाचता नाही, बोलता नाही, सोलता येतं.
पंधरा वर्षं रुस्तावीच्या गाडीबाजारात
बोटीतून उतरलेल्या व्हॅनच्या अंगावरून
परक्या दुकानांची नावं उतरवते मी.
बेकरीवाले, नळवाले, काचवाले,
एकदा तर प्रेतं नेणारे
(ते अनझोरनं गिऱ्हाइकाला सांगितलं नाही).

सगळ्यात चिवट अक्षर कुठलं, विचारा.
अक्षर नव्हेच ते.
बेकरीच्या नावात दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर
दोन ठिपके असतात, मसुराएवढे.
धरायला कोपरा नाही, ओढायला शेपूट नाही.
आख्खं दुकान निघून जातं,
ते दोघं बसून राहतात.

आधी ड्रायर.
पत्रा तापवायचा तापलेल्या पोराच्या कपाळाइतका,
तळहाताला काळजी वाटेल इतकाच.
मग कड उचलायची आणि हळू,
पत्र्याला लगटून मागे न्यायची.
घाई केली की अक्षर हातात येतं
आणि डिंक तिथंच,
पिवळा, मेणचट, धुळीची दाढी वाढलेला.
त्यावर सूर्यफुलाच्या तेलाचं फडकं चिकटवायचं
आणि आपण चहा प्यायला जायचं.
एकटा सोडला की डिंक मऊ पडतो.
माणसासारखा, म्हणणार होते,
पण माझा नवरा काही पडला नाही.

मग जुनं बँकेचं कार्ड,
खातं कधीच बंद, धार शाबूत.
पातं नाही. पहिल्या वर्षी पातं लावलं,
लाल दारावर केसाएवढी रेघ उठली
आणि अर्धा पगार त्या रेघेतून गळून गेला.
शेवटी चाचा, अनझोरच्या मेव्हण्यानं गाळलेली.
आतडी सोलते ती, डिंकाची काय कथा.
एक घोट फडक्याला, एक घोट अनझोरला.

मार्चमध्ये निळी व्हॅन आली.
खाली फोन नंबर, वर दोन ओळी नाव.
मी नेहमी खालून सुरुवात करते, कंबर ताजी असताना.
नंबर सोलून गोळा करून डब्यात टाकला,
आणि मग कशी कोण जाणे, लहर आली,
फोटो काढून थेओनाला पाठवला.
थेओना तिकडेच आहे, शतावरीच्या शेतात,
वाकून कोंब कापते, किलोवर पैसे.
रात्री तिचा आवाज आला:
"फुलं, आई. हानेलोरची फुलं.
कुठल्या गावातली? नंबर असता तर
रविवारी फोन केला असता."

डबा मी उपसला, खोटं कशाला सांगू.
आकडे एकमेकांत असे चिकटले होते
की सात कुठला आणि एक कुठला,
हानेलोरलासुद्धा कळलं नसतं.

गाडी घ्यायला बिचिको आला, गुरियाच्या डोंगरातला,
मँडरिन वाहायला हवी होती त्याला.
बोनेटला वळसा घालून थांबला.
"बाई, नाव तर अजून आहे."
होतंच. हात फिरवा, काही लागत नाही;
नजर फिरवा, पूर्ण वाचता येतं,
गडद निळं, फिक्या निळ्यावर.
म्हटलं, हे चिकटलेलं नाही हो.
काढण्यासारखं इथं आता काहीच नाही.
बाकीचा रंग उन्हानं नेला.
अक्षरांखाली होता तेवढाच वाचला.

"पॉलिश?"
मारा, पण मग सगळीच फिकी होईल.

दोनशे लारी पाडून घेतले त्यानं
न निघालेल्या नावापोटी.
पैसे मोजताना मात्र विचारलं, "लिहिलंय काय?"
फुलं, मी म्हणाले.
"मँडरिनला वास येतोच फुलांसारखा,"
असं स्वतःशीच बोलून त्यानं किल्ली फिरवली.
फाटकापाशी गाडी नुसती निळी दिसत होती.
वळणावर ऊन तिरपं पडलं
आणि हानेलोर पुन्हा उघडलं.

हात दोनदा धुतले. अंगठ्याच्या नखाखाली
थोडं काळं राहिलंच, ते नेहमीचं.
अनझोरनं शिट्टी मारली:
पांढरी आहे, बेकरीची.
लांबूनच दिसले मला ते दोघं.