परतीची तारीख

मी दस्तगीर नदाफ, चाकं ठोकणारा.
चौतीस वर्षं सोलापूर यार्डात
लांब दांड्याचा हातोडा, बत्ती, खिशात खडू.
चाक ठणकलं की पुढं.
भद्द वाजलं की डब्यावर लिहायचं: सिक.
मग शंटिंगवाले त्याला सिक लाइनीत नेणार,
आजाऱ्याला नेतात तसं नाही,
शिव्या देत.

हा एक्केचाळीस सातशे छत्तीस.
चार चाकांचा बंद डबा.
गिरण्यांना गाठी आणल्या, चादरींचे गठ्ठे नेले,
कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून हमालांनी पाठीवर उतरवलेली तूर नेली.
बहात्तरला लाल मिलो आणला.
दाराच्या फटीतून सांडलेले दाणे
बाया चिमटीनं वेचायच्या रुळातून,
आणि जमादार तेवढा वेळ
पाठ करून बिडी ओढायचा.
सावकाश ओढायचा.

आम्ही पिंजारी.
बापाचा जन्म कापूस पिंजण्यात गेला,
माझ्याही वाट्याला कापूसच:
गिरणीचं वेस्ट तेलात भिजवून
आसाच्या पेटीत ठासायचं,
बोट घालून बघायचं, कुठं कोरडं तर नाही.

एका रात्री मी बोट घातलं नाही.
का, ते सांगण्यासारखं नाही, झोप होती.
मोहोळच्या अलीकडं छत्तीसचा आस तापला,
गार्डाला धूर दिसला, डबा तोडून तिथंच ठेवला.
सकाळी मी पेटी उघडली.
आत काळा कोळसा, चिमूटभर.
साहेबानं विचारलं, पॅकिंग कुणाचं?
मी म्हणालो, चनबसप्पाचं.
चनबसप्पा वारून तीन महिने झाले होते.
मेलेल्याचं इन्क्रिमेंट कोण थांबवणार?
साहेबानं लिहून घेतलं.
छत्तीस गप्प उभा होता, ज्वारीच्या रानाकडं तोंड करून.

पुढं चार चाकांचे दिवस संपले.
याला चाकांवरून उतरवून होटगीला जमिनीवर ठेवला.
आत कुदळी, फावडी, मग कोंबड्या,
मग म्हणे वर्षभर कुणाचा तरी संसार.
चुलीचा डाग अजून आहे कोपऱ्यात.

आता स्टेशनबाहेर, आठ मीटर रुळावर,
भोवती साखळी, कडेला सदाफुली.
इंजिनिअर पोरगी, मृदुला हत्तुरे,
तिनं पेन्शनच्या कागदातून माझा नंबर काढला.
रंग कुठला होता, मामा?
मी म्हणालो, विटकरी, पण धुरात वाळलेला.
तिनं पाच डबे मिसळले, पाचवा बरोबर निघाला.
पोचे काढू का?
नको. हा वाडीचा आहे, तो दौंडचा.
त्याला तेवढंच लिहिता येत होतं.

हातोडा घेऊन गेलो होतो. मारला.
भद्द.
चाकं दुसऱ्याच डब्याची,
आणि रुळाला वेल्डिंग करून टाकलेली,
कुणी ढकलू नये म्हणून.
हात आपोआप खिशात गेला.
खडू नव्हता, तंबाखूची डबी होती.

मग मी पेटीचं झाकण उचललं.
घरून उशीतला कापूस आणला होता,
पावशेर तेल, शेंगदाण्याचं, दुसरं काय मिळणार.
भिजवला, ठासला, चारी पेट्या,
बोट घालून बघितलं, दोनदा.
काय करलालाव मामा, पोरगी हसली,
हा कुठं जाणारे?
मी म्हणालो, वास येईल दोन दिवस. मुंग्याही येतील.

शेवटी पेंटर नरसप्पा येमुल आला.
नंबर, रिकामं वजन, सगळं जुन्या वळणानं काढलं.
एक चौकट उरली: परत येण्याची तारीख.
मी म्हणालो, कोरी ठेव.
तो म्हणाला, कोरी चौकट वाईट दिसते ओ,
चाळीस वर्षांत मी कोरी सोडली नाही.
आणि संध्याकाळी बघतो तर
चौदा जानेवारी.
हे काय?
गड्ड्याची यात्रा, तो ब्रश पुसत म्हणाला,
त्या दिवशी सगळेच येतात.
वर्ष
घातलं नव्हतं.