पूल कोन्या साली झाला

चिंचेचं पोतं सपरीत उलटं केलं
की मी पहिली थाप मारते.
"देवकामावशी, नदीवर पूल झाला तवा
तुमची शेवंता पाळण्यात होती, नाही?"

तिच्या हातातला गोटा हवेतच राहतो.
"कायची पाळण्यात व! दुसरीत होती.
डोंग्यानं जाये शाळेत. पाच पैसे घेये डोमा नावाडी,
पुराच्या दिवशी धा.
एक डाव पाटी पडली पाण्यात,
तं थ्यानं वल्ह्यानं काढून देल्ली."
पाटीवरून शाळा, शाळेवरून मास्तर,
मास्तराची घाऱ्या डोळ्यांची बायको,
तिनं शिकवलेला पिवळा भात.
तेवढ्यात माझी पायलीभर चिंच फुटते.
तिची मूठभर.

व्यापारी ब्रह्मपुरीचा. किलोमागे सात रुपये देतो.
पैशासाठी बसत नाही, असं मी म्हणणार नाही.
पण तिचं पोतं मी माझ्याच नावावर लिहून आणते,
हे तिला सांगू नका.

गेल्या दिवाळीनंतर ती मुकी झाली होती.
टीव्ही चालू, ती समोर,
कोण कोणाला बघतंय कळू नये.
भाजीत दोनदा मीठ, मग आठ दिवस मीठच नाही.
आणि एका सकाळी, सांदवाडीच्या कुंपणावरून
चाळीस वर्षं माझ्याशी भांडलेली बाई
मला विचारते,
"कोनाची होय व तू?"

आमच्या भांडणाचा एवढा अपमान
कोणी केला नव्हता.

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली,
गोळ्या देते, पण गोळ्यांनी भागायचं नाही.
यांना बोलतं ठेवा.
पोरानं बुटीबोरीहून ऐकलं
आणि मोबाईल धाडला.
तो रविवारी वाजतो.
"जेवलीस?" "हो."
"गोळी घेतली?" "हो."

हो म्हणायला काही आठवावं लागत नाही.
नाही म्हणायला लागतं.

म्हणून मी चुकते. रोज, ठरवून.
शुक्रवारचा बाजार मंगळवारी भरवते.
तिच्या थोरल्या जावेला धाकटी करते.
तिच्या माहेरच्या तळ्यात मगर सोडते
(त्या दिवशी ती इतकी हसली की उचकी लागली).
माया वगैरे म्हणू नका हिला.
आळीत भांडायला दुसरं कोणी उरलं नाही,
एवढंच.

सगळ्याच थापा पकडते असंही नाही.
परवा म्हटलं, "मंडईच्या दंडारीत
तुमचे मालक डफ वाजवत, नाही?"
ती चिंचेच्या शिरा काढत राहिली.
"असंल," म्हणाली.
नुसतं, असंल.
माझा गोटा चिंचेवर न बसता अंगठ्यावर बसला.
संध्याकाळी पोतं शिवताना
दोऱ्याला गाठ मारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी, अजून तोंडही धुतलं नव्हतं मी,
कुंपणापलीकडून ओरड.
"पुस्तकला! ये पुस्तकला!
डफ नाही व! लुगडं!
माह्यं हिरवं लुगडं नेसून नाचे थो!
मंग तीन दिवस धुवाले नाही दे!"
रात्रभर शोधत असणार.
अंधारात, एकेक पेटी उघडून.

आज मी बोलता बोलता म्हणाले,
"तुमच्या गाईनं माझी वांगी खाल्ली,
तिथून तर सुरू झालं आपलं."
"गाय तुही होती," ती म्हणाली.
"वांगे माहे."

मी मुद्दाम चुकले नव्हते.

चिचोका दोन बोटांत धरून बसून राहिले.
गाईचा रंगही आठवेना.
तांबडी? की ती आईकडची?

मावशीनं टोपली माझ्याकडे सरकवली.
"टाक व थो चिचोका," म्हणाली,
"आन सांग पाहू मले,
पूल कोन्या साली झाला?"