अर्धा मिलिमीटर

आडगाव नाक्याला, ट्रक टर्मिनलमागच्या आमच्या पत्र्यात
हेमराज निकुंभची पिकअप उभी आहे,
चार इंच खाली बसवलेली.
साउंडच्या पेट्या गल्लीतल्या वायरींखालून जाव्यात म्हणून
सिन्नरच्या कुणा वेल्डरने स्प्रिंगचे वेढे कापले.
पेट्या जातात आता.
गाडी सरळ जात नाही.

"खड्डा आला की मी सरळच धरतो हो,
हीच डावीकडे बघते.
पाथर्डी फाट्याच्या गतिरोधकावर तर
हातातनं हिसका मारते."
तीन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं.
तिन्ही पावत्या त्याने डॅशबोर्डवर
लिंबू-मिरचीशेजारी जपून ठेवल्यात.

रऊफचाचा पावत्यांना हात लावत नाही.
"सगळ्यांनी उभ्या गाडीचं माप घेतलं," म्हणतो,
"गाडी काय उभी करायला घेतली होती?"

स्प्रिंग काढली. चाकाच्या जागी प्लायची फळी बांधली,
फळीला माझे आयटीआयचे दोन डायल.
चाचा जॅक मारतो, अर्धा-अर्धा इंच.
मी वाचते, खडूने पत्र्यावर लिहिते.
शून्य.
एक.
अडीच.
चार.
स्टिअरिंग बांधलेलं आहे, कुणी शिवत नाही,
आणि फळीचं नाक हळूहळू बाहेर वळतंय,
बोलताना नजर चुकवणाऱ्या माणसासारखं.

खालचा आर्म आपली कमान काढतो,
टाय रॉड आपली.
कंपनीत त्या एकमेकींवर बसवलेल्या असतात,
वर्तमानपत्राची घडी बसते तशा.
गाडी खाली आली, घडी सुटली.
टाय रॉड आता बाहेरून मान वर करून बसलाय;
चाक उचललं की मागून आत खेचतो.

हे उजवीकडचं.
डावीकडे मी नऊ लिहिते.
पुसते, पुन्हा मोजते. नऊ.

चाचा जॅकचा दांडा खाली ठेवतो.
"निकुंभशेठ, कुठं ठोकली होती?"
निकुंभ वॉशरच्या डब्यात बघत राहतो.
शेवटी डब्यालाच सांगतो, "राहुड घाटात.
दोन वर्षं झाली. घरी माहीत नाही."

मग रॅकचा ब्रॅकेट सोडला, डावीकडून वाकलेला निघाला.
नवा लावला, खाली पत्र्याची पट्टी दिली.
आर्मचं निमुळतं भोक रीमरने सरळ केलं;
गॅस नाही लावला,
ज्याच्यावर जीव टांगायचा ते लोखंड तापवायचं नसतं.
टाय रॉडचं टोक वरून काढून खालून घातलं,
मध्ये तीन वॉशर.
जास्त झाले, फळी उलटी आत वळली.
दोन. कमी.
दोन आणि एक पातळ.
दुपारचा डबा तसाच राहिला,
पत्र्यावर खडूच्या आकड्यांना जागा उरली नाही.

उजवीकडे अर्धा मिलिमीटर. डावीकडे अर्धा.
मी म्हटलं, अजून एक पातळ घालून बघू?
चाचा हात पुसत होता.
"राहू दे. रस्ता त्याहून वाकडा आहे."

रात्री साडेनऊला पाथर्डी फाटा.
गाडी मी चालवतेय, निकुंभ शेजारी.
गतिरोधकावर दोन बोटं नुसती टेकवून ठेवली.
धप्प.
स्टिअरिंग हललं नाही.

पण निकुंभचा उजवा हात
मांडीवर, अंधारात,
दोन वर्षांच्या सवयीने
थोडासा उजवीकडे वळला.