चौदा नंबरचा तुकडा

हडर्सफील्डच्या उतारावर, रुळांमागे,
हेझेल थ्वेटच्या वाट्याला आलं
छातीइतकं ब्लॅकबेरीचं जाळं, खाली हरळी.

क्लिफर्ड म्हणाला, पेट्रोलचं यंत्र आण,
तासाभरात सपाट.
"आणि मुळं? एकाची शंभर होतील,"
विन म्हणाली, हातमोजे उलटे करत.

शेवटी उसना कोयता.
मूठ हाताला जरा मोठीच.
तीन शनिवार काटे उपसण्यात गेले.
चौथ्याला पातं खणकलं:
मातीत उभं रोवलेलं चार दातांचं फावडं,
दांड्याला वेलाचे वेढे,
पुढ्यात अर्धीच खणलेली बटाट्यांची ओळ.

जणू कुणी चहाला गेलंय.

तिनं कोयता पुसला, परत देऊन आली.
वेल सोडवली, दांडा हलवून पाहिला.
घट्ट होता.

फावडं न उपटताच
तिनं त्यावर पाय ठेवला.