भूमध्य दुपार

पोर्वेनीरच्या शाळेत वर्षातून एकदा
फोटोवाली येते. ती मी.
फेरीच्या पोटात गाडी घालून सामुद्रधुनी ओलांडते,
मागच्या सीटवर दोन दिवे, घडीचं स्टूल
आणि एक निळा पडदा,
जो दर वर्षी वाऱ्याबरोबर
माझ्याआधीच वर्गात शिरतो.

त्रेचाळीस मुलं, एकशे बहात्तर फोटो.
रात्री पुन्ता अरेनासच्या घरी
केटलीशेजारी लॅपटॉप उघडून
मी तो प्रीसेट लावते,
कुणा अनोळखी माणसाकडून अकरा डॉलरना घेतलेला.
नाव: भूमध्य दुपार.

एक क्लिक.
सावल्या उचलल्या जातात, उजेड जरा दबतो,
व्हाइट बॅलन्स पिवळ्याकडे कलतो,
आणि खिडकीतलं आमचं नोव्हेंबरचं राखी आभाळ
कुठल्याशा जैतुनाच्या बागेवर उघडतं.

माझा पणजोबा असल्याच उन्हाच्या बेटावरून
इथे सोनं शोधायला आला. मिळाल्या मेंढ्या.
परतीचं भाडं त्याला जन्मभर जमलं नाही.
बघ येर्को,
अकरा डॉलरांत तुझं ऊन आलं,
टपालखर्चसुद्धा नाही.

इथल्या पोरांचे गाल लाल असतात,
लाजेने नव्हे, बाळसं म्हणूनही नव्हे.
वारा फोडतो ते.
बारीक भेगा, खरखर, कडेला वाळलेली खपली.
प्रीसेटला वारा ठाऊक नाही.
त्याला तो त्वचेचा दोष वाटतो.
लाल उणे तीस, मुलायम अधिक पस्तीस,
डाग आपोआप काढा: चालू.
सगळ्यांना लागू करू?
कर.
पट्टी भरत जाते, सात टक्के, एकोणीस,
मी येर्बा मातेचा कडू घोट घेते,
एकेक गाल लोणी होत जातो.

मग ओयार्सोंच्या जुळ्यांपाशी अडले.
आइलेन आणि माइते,
एकच वेणी, एकच स्वेटर, एकच अर्धवट हसू.
सकाळी मी यादीत लिहिलं होतं:
"भुवईवर व्रण, ती माइते."
आता दोन्ही भुवया कोऱ्या.
दृष्ट लागू नये म्हणून जन्माने लावलेली तीट
मी चाळीस सेकंदांत पुसली होती,
तीही दुसरं काही करत असताना.

तसं काही बिघडलेलं नसतं.
रॉ फाइल कुणाचं ऐकत नाही.
आपण फिरवलेले सगळे काटे
तिच्या शेजारी चिठ्ठीसारखे पडून असतात,
ती आत जशीच्या तशी,
थंड, फिकी, थोडी हिरवट.
रीसेट दाबलं.
व्रण आला. गाल आले.
गालांबरोबर वर्गाचं न लागणारं दार आलं,
आणि स्वेटरवरचा मेंढीचा केस,
जो मला दिवसभर दिसला नव्हता.

तरी खात्री म्हणून त्यांच्या बापाला विचारलं.
रात्री साडेअकराला उत्तर आलं:
"कुंपणावरून पडली ती माइते. फेब्रुवारीत.
टाके घालताना रडली मात्र आइलेन."

यानंतर मी एकेक फोटो हाताने केला.
ऊन थोडं ठेवलं, खोटं कशाला बोलू,
आयांना आवडतं, आणि मलाही.
लाल परत दिलं.
पहाटेपर्यंत एकेचाळीस झाले,
बेचाळीसाव्यात डोळे मिटलेले, दुसरा घेतला.

शेवटचा सातवीतला मातियास मान्सिया.
दिवा लावताना जवळ येऊन
कुजबुजला होता, "ते नाकावरचं काढाल ना?
कुणाला सांगू नका."
सांगणार नव्हते.
मी दोनशे टक्के मोठं केलं,
ब्रश अगदी लहान घेतला,
आणि नाकावरची ती पुटकुळी
शेजारच्याच त्वचेने, हळूच,
कडा दिसणार नाहीत अशी, झाकली.
गाल तसेच ठेवले.