घोडा तयार आहे

ऑगस्टात आम्ही सहकारी गोदामाच्या भिंतीला चुना देतो
आणि दुसऱ्या रात्री तिच्यावर टेक्सास उगवतं.

टेक्सास म्हणजे आमचंच रान.
आल्मेरियाच्या या बोडक्या टेकड्या,
जिथं बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात.
साठेक वर्षांपूर्वी परदेशी लोक आले,
ट्रकांतून एक अख्खं गाव उतरवून गेले:
बँक, तुरुंग, दारूचा गुत्ता,
सगळ्यांना पुढची बाजू तेवढी.
बँकेच्या मागे एउलोहियोची खेचरं बांधलेली असत.

सिनेमा चांगला आहे.
मी पाव भाजणारी बाई, मला थांबणं कळतं.
तो नायक किती वेळ काहीच करत नाही!
माशी त्याच्या गालावरून ओठापर्यंत चालत जाते,
पवनचक्की कुरकुरते,
समोरचे तिघे घाम पुसत नाहीत.
घोडामैदान इतकं जवळ, तरी
ज्यानं हे रचलं तो पीठ फुगू देतो,
कच्चं बाहेर काढत नाही.
मग एकदम तीन आवाज.
आणि धूळ सावकाश, फार सावकाश खाली बसते,
कोण उरलं ते तिला आधी कळलेलं असतं.

माझा बाप, कासिमिरो, त्यात तीनदा मरतो.
एकदा छपरावरून, गवताच्या गंजीत.
एकदा घोड्यांच्या हौदात; टोपी तरंगते.
एकदा नुसताच, गर्दीत, पाठमोरा.
तो आईनं दाखवला तेव्हा कळला,
शर्टाच्या ठिगळावरून. ठिगळ तिचं होतं.
एका मरणाचे दोनशे पेसेता,
पाण्यात पडायचे पन्नास वर.
उरलेले दिवस तो जिवंत असायचा
आणि खाणीत जायचा.

त्याला एक वाक्य आहे. एकच.
लगाम धरून तो नायकाला म्हणतो, घोडा तयार आहे.
ओठ त्याचे. आवाज माद्रिदच्या कुणा गृहस्थाचा,
गुळगुळीत, नुकती दाढी करून आलेला.

बाप तोतरा होता.
त्या दिवशी पहिल्याच अक्षरावर अडकला,
एकदा नाही, अठरा वेळा.
ऊन कलायला लागलं, घोडा कंटाळला.
शेवटी कुणीतरी सांगितलं, जमेल तसं बोल,
आवाजाचं आम्ही मागाहून बघतो.

नीट पाहिलंत तर दिसेल:
आवाज संपतो, ओठ हलतच राहतात.
आणि नायक रिकिबीत पाय अडकवून थबकतो,
नजर बापाच्या तोंडावर.
बाहेरच्यांना वाटतं, काय धीरगंभीर माणूस,
निघतानाही घाई नाही.
आम्हाला ठाऊक आहे,
तो एका तोतऱ्याचं वाक्य
पुरं व्हायची वाट बघतोय.
त्या परक्या नटाबद्दल मला एवढंच माहीत आहे
आणि मला पुरतं.

यंत्र रेमेदियोसचा नातू चालवतो.
यंदा त्या जागी त्यानं, कुणी न सांगता,
आवाज बंद केला.
क्षणभर नुसते रातकिडे.
मग अंधारातून, शंभरेक खुर्च्यांमधून,
म्हाताऱ्यांनी, पोरांनी, नव्या डॉक्टरीणबाईनं:
घो... घो... घो...
घोडा तयार आहे.

हसलेसुद्धा काही जण. बापही हसला असता.

नायक निघाला. भिंतीच्या तड्यावरून गेला,
गोदामाच्या कडेला पोचला,
तिथून पुढं खरा डोंगर, काळा.
मला तीनला उठून भट्टी पेटवायची होती.
तरी नावं संपेपर्यंत बसले.
त्यांत त्याचं नसतं.
मग दोन दोन करून खुर्च्या आत नेल्या.