उकिडवी

खानापूरच्या मैदानावर, खांबाला वळसा घेताना
पाय तिथंच राहिला आणि मी पुढं गेले.
ओल्या मातीतून रताळी उपटताना
वेल तुटतो ना, तसला आवाज.
तेवढाच.
शिट्टीसुद्धा वाजली नाही. फाऊल नव्हताच तो.

मग नेहरूनगरचा दवाखाना.
मांडीमागची शीर काढून गुडघ्यात ओवली,
घरचीच दोरी घरच्याच विहिरीला.
डॉक्टर म्हणाले, चालशील, जिना चढशील,
बसमध्ये उभी राहशील, काही अडणार नाही.
मी विचारलं, उकिडवी बसेन काय?
ते हसले. "कशाला? घरात कमोड नाही?"

हिरेमठ बाईंना मराठी येतं,
पण मोजताना येत नाही.
ओंदु, एरडु, मूरु...
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, घोटा त्यांच्या मुठीत.
मी म्हणते, दुखालंय.
त्या म्हणतात, नोवु इरलि. इन्नोंदु.

एकदा पाट्यांवरून गावात बंद होता.
बाबांनी उद्यमबागेतल्या मालाच्या टेम्पोत
मला खोक्यांवर पाय लांब करून बसवलं.
बाई स्कूटरवरून आल्या, आतल्या गल्ल्यांनी,
त्या दिवशी मी एकटीच पेशंट.
पंचाहत्तर अंश झाले.

बाबा लेथवर असतात. म्हणाले,
नवीन बेअरिंग घातल्या घातल्या
फुल स्पीडला सोडतंय काय गं कोण?
मी ओरडले, मी काय मशीन आहे?
ते जेवून उठले.
शनिवारी भंगारातली एक चकती घेऊन आले,
अर्ध्या किलोची, घोट्याला बांधायला पट्टा लावलेली.
कडा इतक्या घासलेल्या
की मांजरानं चाटल्यासारख्या.

रेणुका माझ्या जागी खेळते, सहाव्या चौकात.
आणि छान खेळते. हेच वाईट.
जिल्हा जिंकल्यावर कुंदा घेऊन आली,
दारातच उभी, चप्पल न काढता.
मी खाल्ला. गोड होता.
डबा धुऊन परत दिला
आणि आत जाऊन पाय बांधलेल्या चकतीसकट
भिंतीला लाथ मारली. डाव्यानं नव्हे,
दुखऱ्यानंच.
प्लास्टर पडलं. भिंतीचं.
बाईंना सांगितलं नाही. त्यांना कळलंच.
पंधरा दिवस मागं गेलीस, म्हणाल्या, स्वच्छ मराठीत.

आज आठवा महिना.
येळ्ळूरच्या मैदानावर पाणी मारलंय,
फक्कीच्या रेषा अजून कुणी पुसलेल्या नाहीत.
सहावा चौक रिकामा दिसला, बसले.
टाच वर, बोटं मातीत,
तोंड राजहंसगडाकडं.
गुडघा आतून काहीतरी बोलला,
मी मनात मोजत राहिले. ओंदु. एरडु.

मागं पावलं आली. थांबली.
रेणुकाच. तिचा दम ओळखीचा आहे.
हात पाठीजवळ येतो, लागत नाही.
"देऊ काय?"
आजाऱ्याच्या खोलीत विचारावं, तसं.

दे की.
पण मोठ्यानं दे.
हळू दिलेला खो फाऊल असतोय.